लिव्हरचे प्रश्न : "ते तर थेंबभरही घेत नव्हते, मग कॅन्सर कसा?"

मागच्या अंकात फॅटी लिव्हरवर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठण्यावर, एक छोटं टिपण आलं होतं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहून आलं तर आधी साखर आणि वजन बघा एवढंच त्यात होतं, पण त्यावर जे मेसेज आणि पत्रं आली त्यातली बरीचशी थेट लिव्हरच्या कॅन्सरवरच निघाली. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देतोय. नावं काढून टाकलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझे सासरे ६४ वर्षांचे, माळकरी, दारूला कधी शिवले नाहीत. डायबेटिस मात्र पंधरा वर्षं आहे. गेल्या महिन्यात वजन उतरायला लागलं, भूक गेली म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये गाठ, आणि स्कॅनमध्ये कॅन्सर निघाला. आता वाड्यावर लोक म्हणतात की लपूनछपून घेत असतील, नाहीतर लिव्हर कसं जाईल. सासूबाई चार दिवस जेवल्या नाहीत हे ऐकून. असं होऊ शकतं का? (डिचोली)

उत्तर : ताई, आधी वाड्यावरच्या बोलण्याचंच बघूया, कारण तुमच्या पत्रात मला तेच जास्त टोचलं. दारू हे लिव्हर कॅन्सरचं एक कारण आहे, एकमेव नाही आणि जगाचा हिशेब मांडला तर पहिल्या नंबरचंही नाही. पहिला नंबर लागतो हिपॅटायटिस बी या लिव्हरला सूज आणणाऱ्या व्हायरसचा, जगात दर पाच केसेसमागे साधारण दोन त्याच्या, त्याच्या मागे हिपॅटायटिस सी, मग दारू, आणि मग फॅटी लिव्हर, जे आज मागे असलं तरी फार झपाट्यानं पुढे येतंय. सासूबाईंना जवळ बसवून हे सांगा, आणि जो कोणी पुढच्या वेळी तसं बोलेल त्यालाही तोंडावर सांगा, माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल.

तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत पंधरा वर्षांचा डायबेटिस हा मोठा धागा आहे. डायबेटिस, पोटावरची चरबी आणि फॅटी लिव्हर हे एकत्र नांदतात, वर्षानुवर्षं लिव्हरला आतून बारीक सूज राहते, ती भरून येताना व्रण पडत जातात, आणि शेवटी लिव्हर कडक आणि गाठाळ होतं त्याला आपण सिरॉसिस म्हणतो. लिव्हरचे बहुतेक कॅन्सर अशा लिव्हरमध्येच उगवतात. आणि हे सगळं होईपर्यंत माणसाला काही म्हणजे काही जाणवत नाही, कारण लिव्हर दुखत नाही. आपल्यासाठी हा दूरचा विषय नाही हो, २०२३ मध्ये आयसीएमआरचा देशभराचा डायबेटिसचा अभ्यास छापून आला त्यात सगळ्यात वरचं राज्य गोवा होतं, २६.४ टक्के, म्हणजे मोठ्या माणसांत चारातल्या एकाला, आणि देशाची सरासरी होती ११.४. त्या बातमीवर आपण दोन दिवस बोललो आणि सोडून दिलं, पण त्यातल्या किती जणांचं लिव्हर कोणी तपासलं?

तरी सगळं डायबेटिसवर ढकलून मोकळे होऊ नका. सासऱ्यांची एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीसाठी) आणि अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सीसाठी) ही रक्ताची तपासणी झाली का ते फाइलमध्ये बघा, नसेल तर करायला सांगा. जुन्या काळी एकच सुई उकळून उकळून दहा जणांना टोचायचे, ऑपरेशनला रक्त चढवायचे तेव्हा सीची तपासणीच नव्हती, अशा वाटेनं हे व्हायरस सोवळ्यातल्या माणसाच्याही अंगात शिरलेत आणि तीस तीस वर्षं गप्प बसलेत. बी निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी, लहान मुलांसकट.

अजून एक कारण आपल्या स्वैपाकघरातलं. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, शेंगदाणे, मका, सुक्या मिरच्या पावसात ओलावा धरतात आणि त्यावर जी बुरशी येते तिच्यातली एक जात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते लिव्हरच्या पेशींचा डीएनए बिघडवतं आणि ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याला तर हा धोका कितीतरी पटीनं वाढतो. भाजून, शिजवून ते पूर्ण जात नाही. बुरशी आलेले, सुरकुतलेले, कडू लागणारे दाणे निवडून उरलेले वापरायचे असं करू नका, सगळे टाका.

आकडे विचारले नाहीत तुम्ही पण सांगतो, कारण तुम्ही एकट्या नाही आहात हे कळावं. २०२२ या एका वर्षात जगात ८ लाख ६६ हजारांच्या आसपास माणसांना लिव्हरचा कॅन्सर निघाला आणि त्याच वर्षी त्यानं साधारण ७ लाख ५८ हजार गेले. केसेसच्या संख्येत हा सहावा कॅन्सर आणि मृत्यूंच्या संख्येत तिसरा, यावरूनच कळतं की तो किती उशिरा सापडतो. जगातल्या चाळीस टक्क्यांवर केसेस एकट्या चीनमध्ये, लोकसंख्येच्या प्रमाणात बघितलं तर सगळ्यात वाईट स्थिती मंगोलियाची, आणि दोन्हीकडे हिपॅटायटिसचं ओझं जुनं आहे. पुरुषांत हा बायकांपेक्षा दोन-तीन पट जास्त. २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानं हिशेब मांडला की असंच चालू राहिलं तर २०५० पर्यंत वर्षाला १५ लाखांवर केसेस होतील, आणि त्याच मंडळानं हेही म्हटलं की पाचातल्या तीन केसेस टाळता येण्यासारख्या आहेत.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला लिव्हरमध्ये ६ सेंटीमीटरची एकच गाठ आहे, बाकी कुठे पसरलेलं नाही म्हणतात. मग कापून का टाकत नाहीत? डॉक्टर म्हणतात सिरॉसिस आहे, पोटात पाणी आहे, ऑपरेशन झेपणार नाही. बायॉप्सीपण (सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणी) केली नाही आणि केमोपण देत नाहीत. आम्हाला वाटतं की काहीतरी लपवतायत किंवा टाळतायत. (मडगाव)

उत्तर : दादा, तुमचा संशय मी समजू शकतो, बाकी कुठल्याही कॅन्सरमध्ये गाठ दिसली की बायॉप्सी, मग ऑपरेशन, मग केमो असा रस्ता आपण सगळ्यांनी कोणाच्या ना कोणाच्या घरी बघितलेला असतो. लिव्हरचं गणित वेगळं आहे आणि ते नीट कोणी बसून समजावलं नाही तर घरच्यांना असंच वाटतं.

तुमच्या भावाला एक नाही, दोन आजार आहेत आणि दोन्ही एकाच अवयवात. एक गाठ, दुसरा सिरॉसिस. कॅन्सरला मारायला जावं तर उरलेलं लिव्हर ते सोसेल का हा प्रश्न प्रत्येक पावलावर येतो. निरोगी लिव्हर असेल तर सर्जन त्याचा अर्ध्याहून जास्त भाग काढू शकतात आणि ते पुन्हा वाढतं, पण सिरॉसिसचं लिव्हर वाढत नाही, आधीच जेमतेम काम करत असतं, त्यातला मोठा तुकडा काढला तर पेशंट ऑपरेशन टेबलावरून उठतो आणि दोन आठवड्यांत लिव्हर फेल होऊन जातो. म्हणून डॉक्टर आधी चाइल्ड-प्यू नावाचा स्कोअर काढतात, त्यात पाच गोष्टी : रक्तातलं बिलिरुबिन, रक्तातलं अल्ब्युमिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटातलं पाणी, आणि डोक्यावर झालेला परिणाम. ए आला तर बरेच दरवाजे उघडे, बी म्हणजे जपून, सी असेल तर ट्रान्सप्लांट सोडून कॅन्सरच्या बहुतेक उपचारांनी फायद्यापेक्षा नुकसानच जास्त. भावाचा ए, बी की सी हे विचारा. गाठीच्या साइझइतकंच ते महत्त्वाचं आहे आणि हे कोणी विचारतच नाही.

बायॉप्सीबद्दल : सिरॉसिस असलेल्या माणसाच्या लिव्हरमध्ये सीटी स्कॅनच्या ठरावीक फेजमध्ये गाठ आधी उजळली आणि नंतर फिकी पडली तर तेवढ्यावर निदान पक्कं धरतात, जगभर असंच चालतं. सुई घातली तर रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित सुईच्या वाटेनं कॅन्सर पसरूही शकतो, म्हणून गरज नसेल तर टाळतात. आणि नेहमीची केमो या कॅन्सरवर फारशी चालतच नाही, शिवाय ती पचवायचं काम लिव्हरलाच करावं लागतं.

मग उरतं काय? गाठ लहान असेल, साधारण ३ सेंटीमीटरच्या आत, तर सुईनं उष्णता देऊन जाळतात, त्याला अब्लेशन म्हणतात आणि चांगला रिझल्ट येतो. मोठ्या गाठीला जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गाठीला रक्त पुरवणाऱ्या नसेपर्यंत जातात, तिथे औषध सोडतात आणि नस बंद करतात, ते टेस. तसंच रेडिओॲक्टिव्ह बारीक मणी सोडायचा प्रकारही आहे, महाग आहे, सगळीकडे होत नाही. आणि सगळ्यात मुळावर जाणारा उपाय ट्रान्सप्लांट, कारण त्यात गाठही जाते आणि सिरॉसिसचं लिव्हरही जातं. नुसती गाठ कापली तर रोप उपटलं पण जमीन तीच राहिली, पाच वर्षांत बहुतेकांना पुन्हा गाठ येते.

ट्रान्सप्लांटसाठी १९९६ मध्ये इटलीतल्या मिलानच्या डॉक्टरांनी नियम घालून दिला तो अजून वापरतात : एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी आणि प्रत्येक ३ सेंटीमीटरच्या आत, आणि मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेलं नको. भावाची ६ आहे, म्हणजे त्या रेषेच्या थोडी बाहेर. पण काही सेंटर आधी टेस वगैरे करून गाठ लहान करतात आणि मग ट्रान्सप्लांटचा विचार करतात. पोटात पाणी आहे म्हटल्यावर टेससुद्धा झेपेल का ते बघावंच लागेल, पण हा प्रश्न ट्रान्सप्लांट करणाऱ्या टीमसमोर एकदा तरी मांडला गेला पाहिजे, आणि लवकर. खर्च प्रायव्हेटमध्ये वीस लाखांच्या वर जातो, आपल्या देशात बहुतेक वेळा लिव्हरचा तुकडा घरातल्याच कोणीतरी द्यावा लागतो, आणि देणाऱ्यालाही मोठ्या ऑपरेशनमधून जावं लागतं. म्हणून घरात बसून मोकळेपणानं बोला, कोणावर दबाव आणू नका, विशेषतः घरातल्या सुनांवर आणि बहिणींवर, कारण द्यायची वेळ आली की बोट त्यांच्याकडेच जातं.

प्रश्न : आमच्या शेजाऱ्यांना ॲडव्हान्स स्टेज सांगितली. एका ठिकाणी गोळ्या सांगितल्या, दुसऱ्या ठिकाणी इम्युनोथेरपी (अंगातल्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध), दर तीन आठवड्यांनी आणि प्रत्येक वेळी लाखांत बिल. ते घर विकायचं म्हणतायत. खरंच एवढा फरक पडतो का? (पेडणे)

उत्तर : घर विकायच्या आधी हे वाचा म्हणावं.

बरीच वर्षं या स्टेजला देण्यासारखं औषधच नव्हतं. मग सोराफेनिब ही गोळी आली, २००८ मध्ये छापून आलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये गोळी घेणारे सरासरी १०.७ महिने जगले आणि न घेणारे ७.९ महिने. म्हणजे जवळपास तीन महिने, आणि तेही लिव्हर बऱ्यापैकी चालू असणाऱ्यांत. त्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च आपल्याकडे २ लाख ८० हजार होता. मार्च २०१२ मध्ये भारत सरकारनं नॅटको या हैदराबादच्या कंपनीला सक्तीचा परवाना दिला, मूळ कंपनी बायरच्या परवानगीशिवाय तीच गोळी बनवायचा, आणि किंमत महिन्याला ८,८८० वर आली. भारतानं असा परवाना दिला ती पहिलीच वेळ, आणि ती नेमकी लिव्हर आणि किडनीच्या कॅन्सरच्या औषधासाठी. माझ्या मते आपल्या आरोग्याच्या इतिहासातला तो फार मोठा दिवस होता, त्यावर पुरेसं लिहिलं गेलं नाही.

पुढे लेनव्हाटिनिब आली, आणि २०२० मध्ये अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही सलाइनमधून द्यायची जोडी आली, तीच तुमच्या शेजाऱ्यांना सांगितली असावी. त्या ट्रायलमध्ये सरासरी १९.२ महिने, सोराफेनिबवाल्यांचे १३.४. फरक खरा आहे, आणि काही थोड्या पेशंटमध्ये तर गाठ इतकी आटते की वर्षं मिळतात. पण ट्रायलमध्ये घेतलेले जवळजवळ सगळे चाइल्ड-प्यू ए होते. शेजाऱ्यांचा बी किंवा सी असेल तर हे आकडे त्यांना लावता येत नाहीत, कोणी तुम्हाला ते लावून दाखवत असेल तर थांबा आणि सरळ विचारा. शिवाय या जोडीच्या आधी दुर्बिणीनं अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसा तपासून घ्याव्या लागतात, त्या फुटून रक्ताची उलटी व्हायचा धोका असतो, आणि अंगाचे दुसरे आजार, उदाहरणार्थ संधिवातासारखे प्रतिकारशक्तीचे आजार, असतील तर तेही सांगावे लागतात.

पैशांचं : गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का बघा, त्यात काय बसतं काय नाही हे बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) योजनेच्या काउंटरवर विचारून लिहून घ्या. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये एक ओपिनियन घेऊन यायला हरकत नाही, गोव्यातून लोक जातातच, रिपोर्ट आणि स्कॅनची सीडी दोन्ही न्या. आणि डॉक्टरांना एवढे तीन प्रश्न विचारा : या उपचारानं आमच्या माणसाला किती वेळ जास्त मिळेल, तो वेळ घरी जाईल की हॉस्पिटलात, आणि नाही घेतलं तर पुढचे महिने कसे असतील. वेदना कमी करणं, पोटातलं पाणी काढणं, झोप लागणं, हेही उपचारच आहेत, काही करता येत नाही म्हणून दिलेलं सांत्वन नाही ते. घर विकून घेतलेले तीन महिने आयसीयूत जाणार असतील तर तो निर्णय पेशंटला विचारूनच घ्या, तो अजून शुद्धीवर आहे, त्याच्याच पाठीमागे सगळे ठरवत बसतात हे मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : मी सात महिन्यांची गरोदर आहे. तपासणीत हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आलं. तेव्हापासून घरी माझं ताट, पेला, टॉवेल वेगळा केलाय. माहेरी कळवायलाही लाज वाटते. बाळाला पण होईल का? त्याला पुढे कॅन्सर होईल का? मी अंगावर पाजू शकते का? (वाळपई)

उत्तर : बाय, तुझं पत्र मी सगळ्यात आधी वाचलं आणि याचं उत्तर अंक निघायच्या आधीच तुला कळवलंय, तरी इथे परत लिहितो कारण अशा अजून कितीतरी जणी असतील.

ताट-पेला वेगळा करायची काहीच गरज नाही. हिपॅटायटिस बी जेवणातून, एकत्र बसण्यातून, मिठी मारण्यातून, पाण्यातून पसरत नाही. तो पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाला. ब्लेड, नेलकटर, टूथब्रश तेवढे वेगळे ठेव. कावीळ झाली की पाणी उकळून प्या सांगतात ती कावीळ ए आणि ई व्हायरसची, तिचा याच्याशी काही संबंध नाही, हा घोळ घराघरात आहे.

बाळाला वाचवता येतं, आणि फार चांगल्या प्रकारे. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीचा पहिला डोस, जितका लवकर तितका बरा, आणि सोबत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे व्हायरसशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन. त्यानंतर ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस सरकारी लसीकरणात फुकट मिळतात, एकही चुकवायचा नाही. तुझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ती तपासणी, करून घे, तो जास्त असेल तर डॉक्टर आत्ताच टेनोफोव्हिर ही व्हायरस दाबणारी गोळी सुरू करतील, गरोदरपणात ती चालते. बाळंतपण हॉस्पिटलातच कर आणि हे इंजेक्शन तिथे आहे का ते आधीच विचारून ठेव, ऐन रात्री शोधाशोध नको. अंगावर खुशाल पाज. बाळ नऊ महिन्यांचं झालं की त्याचं रक्त तपासून बघायचं.

पहिल्या डोसासाठी मी एवढा जीव का तोडतो ते सांगतो. मोठ्या निरोगी माणसाला हा व्हायरस लागला तर शंभरातल्या पंच्याण्णव जणांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो, पण जन्मताना लागला तर शंभरातल्या नव्वद बाळांत कायमचा राहतो, आणि चाळीस-पन्नाशीत लिव्हर कॅन्सर घेऊन येणारे हेच. तैवाननं १९८४ पासून नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षांत तिथल्या मुलांमधला लिव्हर कॅन्सर स्पष्टपणे खाली आला. कॅन्सर टाळणारी ही पहिली लस. व्हायरस शोधून काढणारे बारूख ब्लुमबर्ग यांना १९७६ चं नोबेल मिळालं, त्यांच्या वाढदिवशी २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिवस असतो, आणि २०१८ मध्ये त्याच तारखेला आपल्या देशाचा हिपॅटायटिस कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. लाज वाटण्यासारखं यात काही नाही. देशात जवळपास तीन कोटी माणसं हा व्हायरस घेऊन जगतायत, बहुतेकांना माहीतसुद्धा नाही, तुला वेळेत कळलं. नवऱ्याची, आईची आणि भावंडांची तपासणी करून घे, जे निगेटिव्ह त्यांना लस. आणि बाळ झाल्यावर स्वतःला विसरू नकोस, तुझा लिव्हरचा फॉलोअप आयुष्यभर चालू राहिला पाहिजे.

प्रश्न : घरच्या भट्टीची फेणी शुद्ध असते, औषधी असते, तिच्यानं लिव्हर जात नाही असं आमचे जुने लोक म्हणतात. काजूच्या सीझनात हुर्राक (काजूच्या रसाची हलकी दारू) तर सगळेच घेतात. (फोंडा)

उत्तर : लिव्हरला अल्कोहोल कळतं, भट्टी कोणाची ते कळत नाही. हुर्राक सौम्य लागते म्हणून ग्लासावर ग्लास जातात आणि शेवटी हिशेब तोच होतो. अल्कोहोल हे कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. ज्याला हिपॅटायटिस बी, सी, डायबेटिस किंवा फॅटी लिव्हर आहे त्यानं सीझन असो नसो, एक पेगही घेऊ नये.

प्रश्न : आईच्या रिपोर्टमध्ये लिव्हर मेटास्टॅसिस लिहिलंय, मूळ आतड्यात आहे. म्हणजे लिव्हर कॅन्सरच ना? (वास्को)

उत्तर : नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेला तरी तो आतड्याचाच, त्याला केमो चालते, आणि गाठी मोजक्या असतील तर लिव्हरचं ऑपरेशनही होऊ शकतं, कारण बहुतेक वेळा बाकीचं लिव्हर चांगलं असतं. वर लिहिलेलं यातलं बरंचसं तुमच्या आईला लागू नाही, ते वाचून घाबरू नका.

प्रश्न : मामांना हिपॅटायटिस सीमुळे सिरॉसिस झाला होता. तीन महिन्यांच्या गोळ्यांनी व्हायरस गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आहे. आता ते सोनोग्राफीला जायला तयार नाहीत, बरा झालो म्हणतात. सध्या गुळवेलीचा काढा घेतात लिव्हर साफ व्हायला. (काणकोण)

उत्तर : मामांचं अभिनंदन, सीच्या या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णवहून जास्त लोक बरे होतात आणि इजिप्तसारख्या देशानं, जिथे हा आजार घरोघर होता, कोट्यवधी लोकांची तपासणी करून त्याला आटोक्यात आणलंय. पण व्हायरस गेला म्हणून सिरॉसिस गेला नाही. कॅन्सरचा धोका कमी झाला, संपला नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी नावाची रक्ततपासणी, ही त्यांना कायम लागणार. सहाच महिने का, तर गाठ दुप्पट व्हायला साधारण चार-सहा महिने लागतात, या अंतरानं बघत राहिलं तर २ सेंटीमीटरची असताना सापडते आणि जाळून किंवा कापून काढता येते, नाहीतर मडगावच्या दादांसारखी ६ ची झाल्यावर कळते. एएफपी नॉर्मल आलं म्हणून सोनोग्राफी टाळायची नाही, बऱ्याच लहान गाठींत ते नॉर्मलच असतं. पोट मोठं असेल तर सोनोग्राफीत नीट दिसत नाही, तसं रिपोर्टवर लिहिलं असेल तर डॉक्टरांना विचारून सीटी किंवा एमआरआय करावं.

गुळवेल बंद करा, आजच. कोविडच्या काळात मुंबईत आणि इतर शहरांत गुळवेल घेतलेल्या लोकांत लिव्हरला सूज आल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवून छापल्यात, आणि सिरॉसिसच्या माणसाला तेवढाही धक्का महागात पडतो. कडू ते लिव्हरला चांगलं हा समज आपल्याकडे पक्का बसलाय, मामांचा मान ठेवून सांगा पण सांगा. काहीतरी घ्यायचंच असेल तर दिवसाला दोन-तीन कप कॉफी घेऊ देत, बिनसाखरेची, कॉफी पिणाऱ्यांत लिव्हर कॅन्सर कमी दिसतो असं बऱ्याच अभ्यासांत आलंय.

आणि तयार नाहीत म्हणता तर पुढची तारीख तुम्हीच घ्या, गाडी घेऊन दारात जा. रिकाम्या पोटी न्यायचं, मागच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट बरोबर ठेवायचा, आणि फॉर्मवर सिरॉसिस आहे, व्हायरसचे उपचार झालेत हे लिहायला लावायचं, म्हणजे बघणारा डॉक्टर जास्त वेळ देऊन बघेल.